आधी घोडा की आधी शर्यत? सोलापूरच्या उन्हात घोडे पाळणाऱ्यांनी मत द्या

खरारा: दिवसभर चघळायला वैरण, मोकळं फिरायला जागा आणि दुसऱ्या घोड्याची सोबत, यातलं एक जरी देता येत नसेल तर त्या हंगामात शर्यतीत नाव घालू नये. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं आणि लाळ सुटते ती फक्त चावताना. आपण सकाळ-संध्याकाळ चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा बांधतो आणि मधले आठ तास जनावर दावणीला रिकाम्या पोटी उभं. मग जठरात व्रण होतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना घोडा कान पाडून चावायला येतो, त्याला लोक ‘नखरे’ म्हणतात! 350 किलोच्या घोड्याला रोज 7 किलोच्या आसपास कोरडी वैरण हवी, चार-पाच वेळा विभागून. स्वारीआधी अर्धा तास थोडी वैरण दिली तर आम्ल वर उसळत नाही.

रिकीब: वैरणीचं पटलं. पण शर्यत सोडली की घोडा सुखी, हे कुठलं गणित? वरातीत डीजेपुढे डांबरावर नाचणाऱ्या घोडीच्या हृदयाचे ठोके कोण मोजतं? लांब पल्ल्याच्या शर्यतीत प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य असतो. ठरलेल्या वेळात ठोके मिनिटाला 64 पर्यंत उतरले नाहीत किंवा घोडा लंगडला, की बाद. शर्यतीचं लक्ष्य असलं की मालक नालबंदालाही दर सहा-आठ आठवड्यांनी बोलावतो.

खरारा: ती तपासणी त्या दिवसापुरती. टोकियो ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉनला, म्हणजे घोडेस्वारीसह पाच खेळांच्या स्पर्धेला, नियम होते, पशुवैद्य होते. तरी अनोळखी घोड्याशी वीस मिनिटांची ओळख आणि लगेच उड्या. घोडा अडला, प्रशिक्षिकेने त्याला बुक्की मारली, साऱ्या जगाने पाहिलं. पॅरिस 2024 नंतर त्या खेळातून घोडेस्वारीच गेली.

काळी_माती: भांडण चालू द्या, पण जमिनीचं कोणीच बोलत नाही. मे महिन्यात आपली काळी रानं भेगाळून दगड होतात, त्यावर भरधाव सोडला तर खूर आणि शिरा दोन्ही जातात. मुरमाच्या मऊ वाटेवर, तेही उजाडायच्या आत, दुडकीचं काम घ्या. पाच वर्षांखालच्या शिंगरावर जड स्वार नको. मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी पुरी होते. कडब्याची जाड ताटं आणि कमी पाणी हे पोटशूळाचं हमखास कारण, म्हणून कुट्टी करून द्या, बुरशीचा कडबा बाजूला काढा. हिरवी ज्वारी घोड्याला घालूच नका. मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लुळे पडतात. बैलाला चालतं म्हणून घोड्याला चालत नाही.

रिकीब: उन्हाचंच घ्या. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर अंग आखडतं, ही समजूत अजून आहे. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उष्म्यात पळणाऱ्या घोड्यांवर संशोधन झालं, म्हणून आज सांगता येतं: सावलीत न्या, अंगभर पाणी ओतत राहा, वारा लागू द्या, प्यायला पाणी अडवू नका. हे वरातीच्या घोडीच्याही कामाचं आहे, आणि ते स्पर्धेमुळेच कळलं.

खरारा: कळलं ते चांगलंच. मग आपल्याकडच्या आयोजकांनी ठोक्यांबरोबर तोंडाचे कोपरे, पाठ आणि तंगाखालची कातडीही बघावी. नाकपट्ट्याखाली, म्हणजे नाकावरून आवळतात त्या पट्ट्याखाली, दोन बोटं जात नसतील तर घोडा सुटायच्या आधीच बाद. घोडेस्वारीच्या जागतिक महासंघाने 2025 पासून ते मोजायचं साधनच आणलंय. इथे निदान बोटं तरी घाला.

रिकीब: बोटं कोणाची, हे आधी ठरवा. पैलवानाची दोन आणि पोराची दोन यात फरक आहे!