स्वतःवर नव्हे, देवावर भरवसा: कामाच्या जागी याचा नेमका अर्थ काय?

प्रश्न – भायखळ्याची नर्स

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत अकरा वर्षे नर्स आहे. दीड महिन्यापूर्वी नाइट ड्युटीत, पहाटे चारच्या सुमारास, एका रुग्णाला पोटॅशियम लावताना मी सिरिंज पंपावर ताशी ५ मिलिलिटरच्या जागी ५० हा आकडा टाकला. अशी जोखमीची औषधे सुरू करण्याआधी दुसऱ्या नर्सने ऑर्डर, लेबल आणि पंप ताडून पाहायचा असतो. त्या रात्री माझ्याहून सात वर्षांनी लहान असलेली सहकारी सोबत होती. तिने आकड्यावर बोट ठेवून “सिस्टर, पन्नास?” एवढेच विचारले. स्टार्टचे बटण दाबायचे राहिले होते, त्यामुळे रुग्णाला काही झाले नाही. झालेल्या चुकीची नोंद मी स्वतःच केली.

तेव्हापासून मी प्रत्येक आकडा चार-पाच वेळा पाहते आणि घरी आल्यावरही तो डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या पाळकांना सांगितले, तेव्हा ते प्रेमानेच म्हणाले, “स्वतःवरचा भरवसा सोड आणि देवावर ठेव.” बायबलमधल्या नीतिसूत्रे ३:५ मधले ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ हे वचन आमच्या घराच्या भिंतीवर मी लहान असल्यापासून आहे. परंतु पंपासमोर उभी असताना मी त्या वचनाचे काय करायचे, हे मला खरोखरच कळत नाही. माझ्या बुद्धीवर आणि शिक्षणावर अवलंबून राहायचे नाही, तर रुग्णाचा डोस कशाच्या आधारावर काढायचा?

आणखी एक गोष्ट कबूल करते, कारण तीच जास्त सलते. त्या मुलीने चूक पकडली, तेव्हा माझ्या मनात आधी कृतज्ञता आली नाही, राग आला. देवाचे आभार मानायला मला सकाळ उजाडावी लागली.

उत्तर १ – निवृत्त मोटरमन, परळ

मुली, वयाने बराच मोठा असल्यामुळे एकेरी लिहितो, राग मानू नकोस.

मी मध्य रेल्वेच्या लोकलवर मोटरमन होतो. गाडी चालवताना हँडल सतत दाबून धरावे लागते, कारण हात सुटला की ब्रेक लागतात. मोटरमनला चक्कर आली तरी गाडी थांबावी म्हणून केलेली ती सोय आहे आणि ती योग्यच आहे. मात्र इतकी वर्षे ते हँडल धरल्यावर माझा हात घरीही त्यावरून उठेनासा झाला. मुलाची दहावी, बायकोचे आजारपण, बहिणीचे लग्न, या प्रत्येक बाबतीत मी हात काढला तर सगळे जागच्या जागी थांबेल, अशीच माझी समजूत होती. प्रार्थना रोज करीत होतो, पण ती गार्डला बेल द्यावी तशी, म्हणजे गाडी मीच चालवतो आहे हे गृहीत धरून.

स्तोत्र १२७ कितीतरी वेळा वाचले होते. परमेश्वर घर बांधीत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत, हे त्यातले वाक्य सर्वांना पाठ असते. पुढच्या ओवीत पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणाऱ्यांविषयी लिहिले आहे आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो असे म्हटले आहे. पहाटेची पहिली लोकल काढणाऱ्या माणसाने ते वाक्य वगळून वाचावे, यात नवल नाही. बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी त्या ओवीपाशी अडलो आणि खूप वर्षांनी शांत झोपलो. सकाळी रिपोर्टची फाइल मीच लावली, पैशांची व्यवस्थाही मीच केली. काम तेवढेच होते, फक्त सगळा भार माझ्या मनगटावर आहे ही भावना गेली होती.

नहेम्या ४:९ वाच. यरुशलेमेचा तट बांधणाऱ्यांवर हल्ल्याची धमकी आली, तेव्हा त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. तू डोस मोजणे हा तुझा पहारा आहे; तो सोडायला तुला कोणी सांगितलेले नाही.

उत्तर २ – वसईकर

मी कॅथलिक आहे आणि आमच्या धर्मग्रामात प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. काकांच्या म्हणण्याशी सहमत आहे, परंतु प्रश्नाच्या शेवटच्या परिच्छेदाकडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते, कारण ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रागात दिसते.

शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्य पेत्राने प्रभू येशूला सांगितले की तुमच्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे. तो खोटे बोलत नव्हता. त्याची निष्ठा खरी होती, फक्त त्या निष्ठेच्या बळावर आपण टिकू असे त्याला वाटत होते. येशूने त्याआधीच त्याला म्हटले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे (लूक २२:३२). त्याच रात्री ‘मी येशूला ओळखत नाही’ असे तीनदा म्हणून पेत्र पडला आणि तरी परत उभा राहिला, तो त्या विनंतीमुळे; स्वतःच्या शब्दाच्या जोरावर तो कोंबडा आरवेपर्यंतही टिकला नाही.

आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असे म्हणतात आणि ख्रिस्ती घरांतही ते सहज बोलले जाते. त्यातला कष्टांचा आदर मला मान्य आहे, पण त्या म्हणीत देव शेवटी येतो: आधी माझे प्रयत्न संपतात, मग तो. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात उलट सांगतो. भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. प्रयत्नाच्या आधी देव, प्रयत्नात देव. संत ऑगस्टिनने ‘तू जी आज्ञा करतोस ते करण्याचे बळ दे आणि मग हवी ती आज्ञा कर’ अशा अर्थाची प्रार्थना लिहिली होती आणि रोममध्ये ती ऐकून त्या काळचा धर्मशिक्षक पेलाजियस चिडला होता. माणसाला स्वतःच्या सामर्थ्याने चांगले वागता आलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली, तरी पेलाजियस आपल्या प्रत्येकाच्या मनात थोडाफार शिल्लक असतो, माझ्याही.

आता तुमचा राग. जो स्वतःवर विसंबून असतो, त्याला दुसऱ्याने तपासलेले सोसत नाही, कारण चूक सापडली की त्याच्या पायाखालचा दगडच निसटतो. तुमचे शिक्षण आणि अनुभव ही देवाने दिलेली हत्यारे आहेत, ती जरूर वापरा. मात्र अकरा वर्षांत कधीतरी, नकळत, ‘मी चुकत नाही’ हा तुमचा आधार झाला असावा, आणि त्या रात्री तोच तुटला. तुमच्याविषयी कठोर बोलायची इच्छा नाही. वर्गात विद्यार्थी माझी चूक दाखवतात, तेव्हा मलाही हेच होते.

उत्तर ३ – गिरगावची वाचक

एक छोटी भर घालते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, ते त्यांच्या बुद्धीमुळेच. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला मिळाला नव्हता. तो मिळाल्यावर त्यांचे काम कमी झाले का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या, आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत करीत राहिल्या. ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ हे वाक्य समजून घेण्यासाठी त्यांना स्वतःची सगळी बुद्धी खर्चावी लागली. नीतिसूत्रातला शब्द ‘अवलंबून’ हा आहे, ‘वापरू नकोस’ असे तिथे लिहिलेले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर – भायखळ्याची नर्स

काका, दादा, ताई, तिघांचे मनापासून आभार. वसईकर दादांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या नर्सने ताडून पाहणे हा नियम मी अकरा वर्षे पाळला, पण मनातून तो नव्या मुलींसाठी आहे असेच समजत आले होते. मला तपासताना कोणी जास्त वेळ घेतला तर ते मला टोचायचे.

काल पुन्हा तिच्याबरोबरच नाइट होती. पोटॅशियम लावायचे होते. मी आकडा टाकला, एकदाच पाहिला, मनात ‘प्रभू, मी चुकू शकते’ एवढे म्हटले आणि तिला हाक मारली. तिने लेबल वाचले, ऑर्डर वाचली, पंप पाहिला. तिने घाई करावी असे मला वाटले नाही. “पाच, बरोबर आहे,” ती म्हणाली आणि मी बटण दाबले.

काका, सकाळी घरी येऊन साडेदहापर्यंत झोपले.