डीए आणि एमडीएमध्ये नेमका फरक काय?

गंगापूररोडकर: मुलगी पायलटचं शिकतेय. तिच्या विमान उतरवण्याच्या चार्टवर कुठे डीए (डिसिजन अल्टिट्यूड, म्हणजे उतरायचं की नाही हे ठरवण्याची उंची), कुठे एमडीए (मिनिमम डिसेंट अल्टिट्यूड, म्हणजे खाली येण्याची किमान उंची). दोन्ही किमान उंचीच ना?

ढगांवरून: हो, पण एमडीए ही फरशी आहे. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसेपर्यंत खाली जायचंच नाही. मिस्ड अप्रोच पॉइंटपर्यंत (उतरणं सोडून परत वर जायच्या ठरलेल्या जागेपर्यंत) सपाट उडता येतं. आयएलएसच्या (रेडिओ संकेतांच्या आधारे उतरण्याच्या पद्धतीच्या) डीएला थांबणं नाही. दिसलं तर उतरा, नाहीतर तिथूनच वर. वर उचलताना विमान थोडं खचतं, ते हिशेबात धरलेलं असतं.

ओझरवाला: डीएच (डिसिजन हाइट) मात्र धावपट्टीपासून मोजतात, डीए समुद्रसपाटीपासून. आपल्या ओझरची (नाशिकच्या विमानतळाची) धावपट्टीच 1900 फुटांहून उंच. डीएच 200 धरली तरी डीए 2100च्या वर! क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब) नीट लावायला सांगा तिला.

गंगापूररोडकर: एक हेक्टोपास्कल चुकला तर?

ओझरवाला: सुमारे 30 फूट.