वॉटर्लूच्या पटखेळासाठी शब्द हवेत: ‘झोन ऑफ कंट्रोल’, ‘स्क्वेअर’ वगैरे

पटवेडा:
वॉटर्लूच्या लढाईवरच्या एका वॉरगेमचे नियम मित्रमंडळींसाठी मराठीत लिहितोय. पटावर षट्कोनी घरं, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, प्रत्येकीवर दोन आकडे: ताकद आणि चाल. रसद, कुमक, बगल, आघाडी हे सगळं आपल्याकडे तयारच आहे. अडलोय ते ‘झोन ऑफ कंट्रोल’, ‘इन्फन्ट्री स्क्वेअर’ आणि ‘फॉग ऑफ वॉर’पाशी. ‘नियंत्रण क्षेत्र’ लिहिलं तर महापालिकेची अधिसूचना वाचल्यासारखं वाटतं. शिवाय, सोंगटी म्हणू की मोहरा?

बखरवाचक:
सोंगटीच. मोहरा म्हटलं की हत्ती-घोडा-उंट आले, आणि त्यांची चाल जातीवरून ठरते. तुमच्याकडे ती सोंगटीवर छापलेली आहे.
झोनसाठी बुद्धिबळातला ‘जोर’ घ्या. प्याद्याला घोड्याचा जोर आहे, असं आपण म्हणतोच.

षट्कोनी:
जोर नको. जोर आपल्याच मोहऱ्याला असतो, इथे परिणाम शत्रूवर होतो. सोंगटीभोवतीच्या सहा घरांपैकी एकात शत्रू शिरला की त्याची चाल तिथेच थांबते. काही खेळांत त्याला लढावंच लागतं. याला सरळ ‘धाक’ म्हणा. ‘रणांगणावरच्या उगूमोंच्या वाड्यातल्या तुकडीचा शेजारच्या सहा घरांवर धाक आहे’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.
जाता जाता: अ‍ॅव्हलॉन हिल या पटखेळ कंपनीच्या १९५८ च्या ‘गेटिसबर्ग’मध्ये घरं चौकोनी होती, १९६१ च्या आवृत्तीत षट्कोनी झाली. चौकोनी पटावर तिरकी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते, मग कोपऱ्यातल्या घरावर धाक धरायचा की नाही याचा वाद. षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर, वाद मिटला. त्यांचा ‘वॉटर्लू’ १९६२ चा, तो षट्कोनीच.

पटवेडा:
धाक आवडला. ‘धाकात शिरणं’, ‘धाकातून निघणं’ ही क्रियापदंही बसतात. स्क्वेअरचं काय?

बखरवाचक:
पानिपताच्या वर्णनांत ‘गोलाची लढाई’ येते, म्हणजे गोल बांधून चहूबाजूंना तोंड देत लढणं. तोच गोल घ्या की.

षट्कोनी:
म्हणजे स्क्वेअरला गोल म्हणायचं? शब्दाला वंशावळ आहे हे मान्य, पण नियम वाचणारा वर्तुळ काढून बसेल. वॉटर्लूला दुपारी नेपोलियनचा सरदार मार्शल ने याच्या घोडदळाने पुन्हापुन्हा धडका दिल्या, तेव्हा इंग्रज सेनापती वेलिंग्टनचं पायदळ चारही बाजूंना संगिनी रोखून उभं होतं. घोडी संगिनींवर जात नाहीत, म्हणून फळी फुटली नाही. पण अशा दाटीत तोफगोळा पडला तर एकाच वेळी कितीतरी माणसं जातात. खेळातला नियम तोच सांगतो: घोडदळापुढे भक्कम, तोफेपुढे नाजूक. त्या शब्दात आकार दिसलाच पाहिजे. ‘चौकोन’ किंवा ‘संगिनींचा चौकोन’. पटावरची घरं षट्कोनी आहेत, त्यामुळे घोटाळाही नाही.

बखरवाचक:
ठीक. पण परिशिष्टात गोलाचा उल्लेख करा, एवढी विनंती.

पटवेडा:
करतो. आता धुकं.

सारीपाट:
मध्येच बोलतो. ‘युद्धाचं धुकं’ कळतं, पण त्या दिवशी रणांगणावर तोफा-बंदुकांच्या दारूचा खराखुरा धूर होता, तो वेगळा. इथे अर्थ ‘समोरच्याची ताकद न कळणं’ असा आहे. ठोकळ्यांच्या खेळांत (‘क्वेबेक १७५९’, १९७२) लाकडी ठोकळे उभे ठेवतात, आकडा फक्त मालकाला दिसतो. त्याला ‘झाकली मूठ’ यापेक्षा चांगलं काय म्हणणार? कॉम्प्युटर गेममध्ये मात्र नकाशाचा भागच झाकलेला असतो, तिथे ‘धुकं’ राहू दे.

षट्कोनी:
आणि क्रीग्सश्पील या प्रशियन लष्करी युद्धखेळात (राइसवित्झ, १८२४) धुकं सांभाळायला माणूसच बसवलेला असे. दोन्ही बाजू त्याला हुकूम देत, आणि ज्याला जे दिसू शकेल तेवढंच तो नकाशावर मांडे. त्याला ‘पंच’ म्हणा.
माझी खरी तक्रार वेगळी. नेपोलियनचा मार्शल ग्रुशी साधारण ३३,००० माणसं घेऊन प्रशियनांच्या मागावर गेला आणि १८ जून १८१५ ला वाव्हरपाशी अडकला. तिकडे प्रशियन सेनापती ब्ल्यूशरचं सैन्य नेपोलियनच्या उजव्या बगलेवरच्या प्लांसन्वा गावात येऊन थडकलं. सकाळी नेपोलियनला याची कल्पना नव्हती, दुपारी कळलं. पटाशी बसलेल्याला सकाळपासून माहीत असतं! तो उजवीकडे चार सोंगट्या राखून ठेवतो आणि स्वतःला नेपोलियनपेक्षा शहाणा समजतो. काही खेळांत प्रशियन कधी येणार हे फाशांवर सोडतात, तेच बरं.

पटवेडा:
आमच्यात असा एक शहाणा आहेच. शेवटचं: ‘रिट्रीट’ला माघार लिहिलंय. ‘रूट’ला?

बखरवाचक:
माघार हुकमाने होते. हुकूम न ऐकता फौज सुटली की आपल्याकडे ‘मोड’ होतो. संध्याकाळी नेपोलियनची खास पलटण, इम्पीरियल गार्ड, मागे हटल्यावर फ्रेंच फौजेचा मोड झाला.

सारीपाट:
मोड लिहिलंत तर पोरं विचारतील, ईझी की हार्ड? ‘दाणादाण’ लिहा.