निधी ‘परत गेला’ म्हणजे नेमकं काय झालं? समर्पित, प्रत्यर्पित की व्यपगत?

टाचणखूण

नवे आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयासाठी कोषागारातून पैसे काढून ते ज्याचे त्याला देणारे) आणि लेखा लिपिक यांच्या प्रशिक्षणासाठी एक हस्तपुस्तिका मराठीत आणायची आहे. गाडी एका वाक्यावर अडली आहे: ‘बचत होणार असे दिसताच निधी समर्पित करावा.’ शासन निर्णयांत हा शब्द सर्रास असतो. पण नवख्या माणसाला ‘समर्पित निधी’ म्हणजे एखाद्या कामासाठी खास राखून ठेवलेला निधी वाटतो, म्हणजे बरोबर उलटा अर्थ. रेल्वेची ‘समर्पित मालवाहू मार्गिका’ सगळ्यांनी पेपरात वाचलेली असतेच. मग ‘प्रत्यर्पित’ करू? की सरळ ‘परत करावा’?

बोरूबहाद्दर

‘परत करावा’. एवढा विचार कसला? ‘निधी परत गेला’ हे शेंबडं पोरही समजतं.

खतावणी

समजतं, पण चुकीचं समजतं. ‘निधी परत गेला’ या एका वाक्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

एक, कार्यालयाला मिळालेलं अनुदान खर्च होणार नाही हे वेळेत कळलं आणि ते बीम्सवर (अनुदान वर-खाली देण्याघेण्याच्या शासकीय संगणक प्रणालीवर) वरच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून विभागाकडे आणि शेवटी वित्त विभागाकडे गेलं. हे तुमचं समर्पण किंवा प्रत्यर्पण. हे ३१ मार्चच्या आत, आणि खरं तर बचत दिसताच, करायचं असतं.

दोन, कोणी काहीच केलं नाही आणि ३१ मार्च उलटला. विधानमंडळाने दिलेली मंजुरी त्या वर्षापुरतीच असते, ती संपली. हा निधी व्यपगत झाला. इथे ‘परत’ काहीच गेलं नाही, कारण हातात काही आलेलंच नव्हतं. होता तो फक्त खर्च करण्याचा अधिकार.

तीन, एखाद्या संस्थेला सहायक अनुदान दिलं, पैसे खरोखर तिच्या बँक खात्यात गेले, त्यातले काही उरले आणि तिने ग्रासवरून (शासनाकडे पैसे भरण्याच्या ऑनलाइन प्रणालीवरून) चलनाने शासनखाती भरले. खऱ्या अर्थाने ‘परत’ आले ते एवढेच.

तिन्हींची कार्यपद्धती वेगळी, कागद वेगळे, जबाबदार माणूसही वेगळा. हस्तपुस्तिकेत तिन्हीकडे ‘परत’ लिहिलंत तर प्रशिक्षणार्थी अनुदानाची बचतही चलनाने भरायला निघेल.

पाऊणशहाणा

शेवटचं वाक्य जरा तिखट मीठ लावून लिहिलंय, पण मुद्दा पटला.

माझा वेगळा आक्षेप ‘बचत’ या शब्दाला. घरात बचत म्हणजे शहाणपण. विनियोजन लेख्यांत (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या वार्षिक ताळ्यात) मात्र बचत म्हणजे मंजूर झालं पण खर्च झालं नाही, एवढंच. काम रखडलं, भरती झाली नाही, निविदा वेळेत निघाली नाही, तरी लेख्यात ‘बचत’च. हे पहिल्या तासाला सांगितलं नाही तर लोक बचतीचा आकडा कौतुकाने वाचतात.

मूळपीठ

सम् + अर्पण = समर्पण, म्हणजे संपूर्ण देऊन टाकणं. त्यात ‘ज्याचं त्याला परत’ ही छटाच नाही. ती ‘प्रति’ मध्ये आहे. म्हणून प्रत्यर्पणच योग्य. आणि कृपा करून ‘प्रत्यार्पण’ लिहू नये. प्रति + अर्पण, इ चा य् होतो, पुढचा अ तसाच राहतो. प्रति + अक्ष = प्रत्यक्ष, ‘प्रत्याक्ष’ नव्हे.

गंमत पाहा. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या हिशेबात ‘तसलमात’ हा शब्द अजून जिवंत आहे: कर्मचाऱ्याला कामासाठी आगाऊ दिलेली, हिशेब यायचा असलेली रक्कम. मूळ अरबी ‘तस्लीम’, म्हणजे हवाली करणं. त्याच तस्लीमचा दुसरा अर्थ शरण जाणं! म्हणजे इंग्रजीतल्या सरेंडरची दोन्ही टोकं, सोपवणं आणि शरणागती, आपल्याकडे एका शब्दात होती. आपण त्यातलं फक्त आगाऊ रकमेचं टोक ठेवलं.

बोरूबहाद्दर

प्रत्यर्पण म्हटलं की लोकांना परदेशात पळालेला कर्जबुडवा आठवतो, निधी नाही. एका शब्दावर राखून ठेवल्याचा अर्थ चढलाय, दुसऱ्यावर फरारी आरोपी बसलाय. लेखा शाखेत कोण बोलतं हे? ‘सरेंडर टाकलं का?’ असंच विचारतात. ‘हेडला ग्रँट नाही’ म्हणतात, ‘लेखाशीर्षाखाली अनुदान उपलब्ध नाही’ असं कोणी म्हणत नाही. देवनागरीत ‘सरेंडर’ लिहा आणि मोकळे व्हा.

खतावणी

बोलताना सरेंडर, लिहिताना प्रत्यर्पण. ते असो. शब्दापेक्षा कुठे घोटाळा होतो ते आकड्यांवर दाखवतो, हवं तर उदाहरण म्हणून वापरा.

उद्दिष्ट १३ (हा खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक), कार्यालयीन खर्च. अनुदान ५,००,०००. डिसेंबरअखेर खर्च ३,६०,०००. जानेवारीत बसून उरलेल्या तीन महिन्यांची यादी केली: देखभालीचा करार, लेखनसामग्री, झेरॉक्स, मिळून ७०,०००. म्हणजे ७०,००० वाचणार. हे जानेवारीतच प्रत्यर्पित करायचे. ३१ मार्चच्या संध्याकाळी केले तर नियमाचं पोट भरतं, पण ती रक्कम ज्याला गरज होती त्याला पुनर्विनियोजनाने, म्हणजे एका शीर्षातून दुसरीकडे वळवून, देता येत नाही. लेखापरीक्षणात ‘वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रत्यर्पण’ असा शेरा येतो तो यासाठीच.

आता राहिले ७०,०००. त्यातलं २५,००० चं एक देयक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारात आक्षेपित झालं. कारणं नेहमीचीच: मंजुरी आदेशावरचं लेखाशीर्ष आणि देयकावरचं लेखाशीर्ष जुळत नाही, अंकी आणि अक्षरी रकमेत फरक, साठा नोंदवहीत नोंद घेतल्याचा दाखला नाही. दुरुस्त होऊन वेळेत परत गेलं नाही. ते २५,००० व्यपगत. पुरवठादाराचं देणं मात्र व्यपगत होत नाही. ते पुढच्या वर्षीच्या अनुदानातून भागवावं लागतं आणि एप्रिलमध्येच नव्या वर्षाच्या तरतुदीला भोक पडतं.

वर्षाचा हिशेब: खर्च ४,०५,०००, बचत ९५,०००, पैकी प्रत्यर्पित ७०,०००, व्यपगत २५,०००. ‘९५,००० परत गेले’ या बातमीतून यातलं काही कळतं का?

उलटी चूकही होते. घाबरून जानेवारीत १,४०,००० सगळेच प्रत्यर्पित केले, मग मार्चमध्ये देखभालीचं बिल आलं आणि अनुदान शून्य. विभागाच्या पातळीवर याची बेरीज झाली की शेरा येतो ‘बचतीपेक्षा जास्त प्रत्यर्पण’. आणि मंजुरीपेक्षा खर्च जास्त झाला, तर तो अधिक खर्च अनुच्छेद २०५ खाली विधानमंडळाकडून नियमित करून घेईपर्यंत लोकलेखा समितीच्या (विधानमंडळाच्या खर्च तपासणाऱ्या समितीच्या) कागदांत लटकत राहतो.

अल्पविराम

पुनर्विनियोजन हा शब्द आलाच आहे तर त्याचीही फोड हस्तपुस्तिकेत हवी. नवीन लोक त्याला ‘इकडचे पैसे तिकडे’ समजतात. एकाच मागणीच्या (अर्थसंकल्पातल्या विभागाच्या खर्चाच्या एका गटाच्या) आत, एका शीर्षातली बचत दुसऱ्या शीर्षाकडे वळवणं एवढाच त्याचा आवाका. दत्तमत (विधानमंडळाच्या मतदानाने मिळालेल्या) खर्चातून भारित (मतदान न लागणाऱ्या) खर्चाकडे नाही, महसुलीतून भांडवलीकडे नाही, एका मागणीतून दुसरीत तर नाहीच. तिथे पुरवणी मागणीच लागते. आणि एकदा ३१ मार्च गेला की कशाचंच पुनर्विनियोजन होत नाही.

मूळपीठ

विनियोजन, पुनर्विनियोजन, विनियोग… तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, ही खरी गोची. विनियोजन म्हणजे विधानमंडळाने रक्कम एखाद्या कामासाठी नेमून देणं. विनियोग म्हणजे ती प्रत्यक्ष वापरणं. म्हणून अनुदान वापरल्याच्या दाखल्याला ‘विनियोग प्रमाणपत्र’ म्हणायला हवं. ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ हे हिंदीतून आलेलं कलम आहे. उपयोगिता म्हणजे उपयुक्तता. निधी उपयुक्त होता असं कोणी प्रमाणित करत नसतं!

बोरूबहाद्दर

राज्यकारभाराची भाषा शुद्ध करायची हौस शिवकाळापासूनच आहे. राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी आज आपण खर्च, तारीख, कागद, बारनिशी, तसलमात हेच म्हणतो. १९६० ला भाषा संचालनालय आलं आणि पुन्हा तेच. ‘स्वीय प्रपंजी लेखा’ हा शब्द एका दमात म्हणून दाखवा बरं. सगळं राज्य त्याला पीएलए (पर्सनल लेजर अकाउंट) म्हणतं.

अल्पविराम

त्याच संचालनालयाच्या काळात देयक, धनादेश, निविदा, दरपत्रक, लेखाशीर्ष, कोषागार हे शब्द रुळले आणि आज शिपायाच्याही तोंडी आहेत. चिकटलेले शब्द आपण मोजत नाही, न चिकटलेले मोजतो.

‘संवितरण’बद्दल मात्र टाचणखूण यांनी सावध राहावं. वितरण आणि संवितरण यांत एका उपसर्गाचा फरक आहे, पण अर्थात जमीन-अस्मानाचा. ‘निधी वितरित केला’ या शासन निर्णयाचा अर्थ पैसे दिले असा नाही. बीम्सवर वरून खाली अनुदान उपलब्ध करून दिलं, एवढाच. कार्यालयाने मग प्राधिकारपत्र काढायचं, देयक तयार करायचं, कोषागाराने पारित करायचं आणि तेव्हा कुठे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात पडतात. ते संवितरण. ‘निधी वितरित’ ही बातमी वाचून ठेकेदार दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, कारण तो मराठी बरोबर वाचतो. आपणच शब्द अर्धवट निवडलाय. ‘वाटप’ म्हणावं तर तेही रोख हातात दिल्यासारखं वाटतं.

टाचणखूण

सगळ्यांचे आभार. ‘वितरण’ची तळटीप टाकतोय. पण माझं मूळ वाक्य अजून तिथेच आहे. शिवाय तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे संस्थेने परत भरलेल्या रकमेबद्दल, एक शंका: ती भरली की त्या वर्षीची बचत वाढते का?

खतावणी

कोणत्या वर्षी भरली त्यावर अवलंबून. उद्दिष्ट ३१, सहायक अनुदाने, १०,००,००० एका संस्थेला दिले. तिने ९,२०,००० वापरले, ८०,००० उरले. विनियोग प्रमाणपत्र ९,२०,००० चंच द्यायचं. पूर्ण दहा लाखांचं प्रमाणपत्र देऊन ८०,००० खात्यात ठेवणं ही या प्रकरणातली सगळ्यात जास्त सापडणारी चूक.

८०,००० त्याच आर्थिक वर्षात भरले तर मूळ खर्चाच्या शीर्षातून वजा होतात आणि खर्च ९,२०,००० दिसतो. पुढच्या वर्षी भरले तर आदल्या वर्षाचे लेखे बंद झालेले असतात, त्यांना हात लागत नाही. मग संबंधित प्रधान शीर्षाखाली गौण शीर्ष ९११, ‘वजा – जादा प्रदानांची वसुली’, तिथे ती नोंद जाते. आदल्या वर्षाचा खर्च कायमचा दहा लाखच राहतो.

चलन भरताना जमेचं शीर्ष आधी विचारून घ्यावं. घाईत ‘संकीर्ण जमा’सारख्या कुठल्याशा शीर्षात टाकलं की महालेखापाल कार्यालयाशी खर्चमेळ (दोन्हीकडचे आकडे जुळवणं) करताना ती रक्कम सापडत नाही आणि कागदावर संस्था थकबाकीदारच राहते. केंद्राचं अनुदान असेल तर बँकेने दिलेलं व्याजही भरायचं असतं. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये ते स्पष्ट आहे. लोक मुद्दल भरतात, व्याज विसरतात.

पाऊणशहाणा

म्हणजे सरकारच्या वहीत दहा लाख ‘खर्च’, संस्थेच्या वहीत नऊ लाख वीस हजार ‘खर्च’, आणि दोघंही खरे.

अल्पविराम

यासाठी मराठीत फरक आहेच की. दहा लाख *खर्ची पडले*, नऊ लाख वीस हजार *खर्च झाले*. खर्ची टाकणं म्हणजे वहीत खर्चाच्या बाजूला लिहिणं, मग पैसा वापरला गेला असो वा नसो. मार्चअखेर निधी व्यपगत होऊ नये म्हणून देयक काढून रक्कम बँकेत ठेवतात तो हाच प्रकार: खर्ची पडली, खर्च झाली नाही. तातडीने द्यायचे नसतील तर कोषागारातून पैसे काढायचेच नाहीत, हे कोषागार नियमांतलं पायाभूत तत्त्व. प्रशिक्षणात ते सांगताना हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले तर तास वाचेल.

मूळपीठ

‘खर्ची टाकणे’ नव्हे, ‘खर्ची घालणे’.

अल्पविराम

दोन्ही आहेत आणि दोन वेगळे आहेत. आयुष्य खर्ची घालतात, वहीत रक्कम खर्ची टाकतात. ‘नावे टाकणे’ म्हणतो ना आपण, ‘नावे घालणे’ नाही.

मूळपीठ

‘नावे घालणे’ जुन्या कीर्दीत मिळेल.

बोरूबहाद्दर

मिळालं की इथे फोटो टाका. तोवर टाचणखूण, ‘सरेंडर’ लिहा.

टाचणखूण

सध्या असं केलंय: ‘खर्च होणार नाही असे अनुदान, बचत दिसताच, बीम्सवर नियंत्रक अधिकाऱ्याकडे प्रत्यर्पित (सरेंडर) करावे.’ कंस चालेल ना?

मूळपीठ

कंस चालेल. ‘अनुदान’ चालणार नाही. खतावणींच्या उदाहरणात संस्थेला दिलं तेही अनुदान, कार्यालयाला मिळालं तेही अनुदान. पहिल्याला ‘सहायक अनुदान’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘तरतूद’.

खतावणी

तरतूद अर्थसंकल्पात असते. कार्यालयाकडे येतं ते अनुदानच. तरतूद १०० असेल आणि वितरित ६० झाले असतील, तर प्रत्यर्पण कशाचं करणार?