गाडीतून काढलेले वाघ-बिबट्याचे फोटो शार्प येत नाहीत (150-600 लेन्स)

रानवाट:
फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा), 150-600 मिमी झूम लेन्स, बहुतेक वेळा 600 वर एफ/6.3 (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडं ते). अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर मी ठरवतो), ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो), आय डिटेक्शन (कॅमेरा स्वतः डोळा शोधून फोकस करतो) चालू. याच लेन्सने पक्षी छान शार्प येतात, पण सफारीच्या गाडीतून काढलेले वाघ-बिबट्याचे निम्मे फोटो मऊ. लेन्स दुरुस्तीला द्यावी का?

तिसरा_डोळा:
पक्षी शार्प येतात म्हणजे लेन्स ठीक आहे. बिघडलेले फोटो 100 टक्क्यांवर उघडून बघा. पुढचं गवत धारदार आणि प्राणी मऊ, तर फोकस चुकला. धड शार्प पण पंजे पुसट, तर शटरचा वेग कमी पडला. सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील तर गाडी किंवा हात हलला. आणि कुठेच काही शार्प नसेल, कडा लहरल्यासारख्या असतील, तर तो तापलेल्या हवेचा परिणाम. ऊन चढल्यावर 80-100 मीटरवरून कितीही महागडी लेन्स लावा, फरक पडणार नाही. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फ्रेम धरली तरी हेच होतं, बाजूने धरा.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी सोडा. त्यात शटर कॅमेरा ठरवतो, आणि कमी उजेडात तो फार खाली आणतो. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ तसाच ठेवा. चालणाऱ्या वाघाला शटर 1/800 सेकंद, धावणाऱ्याला 1/2000 च्या वर. बसलेला असेल तर बीनबॅगवर (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) 1/250 पुरतो. आयएसओ 6400 झाला तरी चालेल. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

गवताळ:
मला यात फोकसचा वाटा जास्त वाटतो. 600 वर एफ/6.3 ने 15 मीटरवर जेमतेम 24 सेंटिमीटर खोली शार्प मिळते. तोंड आपल्याकडे असलेल्या वाघाचे डोळे शार्प असले तरी खांदे मऊच येणार, तो दोष नाही. पण गवताची एक काडी चेहऱ्यासमोर आली की मोठ्या झोनमधला (फ्रेमच्या ज्या भागात कॅमेरा फोकस शोधतो तो) फोकस तिच्यावर उडी मारतो. सिंगल पॉइंट किंवा सगळ्यात छोटा झोन घेऊन डोळ्यावर ठेवा, आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर द्या. फोकस बसला की बटण सोडायचं, मग काडी मध्ये आली तरी तो हलत नाही. प्राणी चालू लागला की बटण पुन्हा दाबून धरायचं. आय डिटेक्शन मोकळ्यावर उत्तम, झुडपात बंद.

पाणवठा:
बीनबॅग पाऊण भरा. ठासून भरली तर लेन्स वर डुगडुगते. इंजिन बंद करायला सांगा, आणि शटर दाबताना गाडीत कोणी उठबस करू नये. बाकी सगळं बरोबर असलं तरी एवढ्यानेच फोटो जातात.

रानवाट:
तपासले. बहुतेकांत गवत शार्प आहे, काहींत पंजे पुसट. आणखी एक: उन्हात गालावरचा पांढरा भाग जळतो.

तिसरा_डोळा:
मागे गर्द झाडी असली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फ्रेम जास्त उजळ करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग) -0.7 ठेवा, हायलाइट अलर्ट (जळलेला भाग दाखवणारी सूचना) चालू करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. काळ्या बिबट्याला -1 पर्यंत न्या, नाहीतर तो राखाडी येतो.

गवताळ:
झोपलेल्या वाघाने जांभई दिली, अंग ताणलं, की तो बहुधा उठणार. तेव्हाच शटर 1/800 वर न्या. कान मागे पाडून शेपटी झटकू लागला तर मात्र गाडी मागे घ्यायला सांगा, आपण फार जवळ गेलोय. आणि फोटो टाकण्याआधी जीपीएसची माहिती काढून टाका, शिकाऱ्यांना ती आयती मिळते.