रॅल्फ व्हर्नी चुकला का?

धागाकर्ता:
१६४० साली इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये बकिंगहॅमशायरमधल्या क्लेडनच्या जमीनदार घराण्यातले बापलेक एकत्र बसत होते. बाप सर एडमंड व्हर्नी, थोरला मुलगा रॅल्फ. दोनच वर्षांत राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. बापाने राजाचं निशाण हाती घेतलं, मुलगा पार्लमेंटकडे राहिला. २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलच्या लढाईत एडमंड मारला गेला.

पुढच्या वर्षी पार्लमेंटने स्कॉट लोकांशी हातमिळवणी करून धर्माची शपथ घालायला सुरुवात केली. रॅल्फने ती घेतली नाही. बायकामुलांसह फ्रान्सला निघून गेला, पुढे खासदारकी गेली, जमिनीवर जप्ती आली. मला बापाच्या मरणापेक्षा मुलाचा हा नकार मोठा वाटतो. आपल्याच पक्षाला नाही म्हणायचं आणि समोर कुणी वाहवा करणारंही नाही!

निशाणबरदार:
साफ असहमत. राजाने पार्लमेंटचं ऐकावं असं एडमंडलाही मनातून वाटत होतं. तरी तो म्हणाला, तीसेक वर्षं राजाचं अन्न खाल्लंय, आता पाठ फिरवणार नाही. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच. रॅल्फने आधी बापाची बाजू सोडली, मग स्वतःचीही. धाकटा भाऊ एडमंड (घरात त्याला मन म्हणत) राजासाठी लढत राहिला आणि १६४९ मध्ये आयर्लंडमधल्या द्रोएडाला मारला गेला. त्याचं नाव कुणी घेत नाही.

धागाकर्ता:
मनाला पटत नसताना तलवार उपसणं ही निष्ठा असेल, पण त्याने देश सावरत नाही.

माहेरवाशीण:
दोघेही मेरीला विसरलात. रॅल्फची बायको, अनाथ वारसदार मुलगी, तेराव्या वर्षी या घरात आली. जप्ती उठवायला १६४६ च्या अखेरीस ती एकटी लंडनला परतली, कारण रॅल्फ आला असता तर अटक होण्याची भीती होती. ती गरोदर होती. ओळखीच्या लोकांचे उंबरठे झिजवले, पार्लमेंटच्या समितीपुढे अर्ज केले. १६४७ मध्ये तिथे जन्मलेलं बाळ काही महिन्यांत गेलं, आणि त्याच सुमारास तिकडे फ्रान्समध्ये ब्लुआला मुलगी पेगही. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. १६५० मध्ये मेरी ब्लुआलाच वारली. रॅल्फच्या तत्त्वाची किंमत तिने मोजली आणि तुम्ही धैर्य त्याच्या नावावर मांडताय.

निशाणबरदार:
हे पटलं. त्यात भर म्हणजे १६६१ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या मुलाकडून, म्हणजे राजा दुसऱ्या चार्ल्सकडून रॅल्फने बॅरोनेट हा किताब घेतला. ज्या घराण्याविरुद्ध उभा राहिला, त्याच्याच हातून!

धागाकर्ता:
किताब घेऊनही तो दरबारी झाला नाही. म्हातारपणी बकिंगहॅममधून पुन्हा निवडून आला, १६९६ पर्यंत जगला, दुसरं लग्न केलं नाही. आणि मेरीचे कष्ट आज आपल्याला कळतात ते त्याने तिची पत्रं जपली म्हणून. घराण्याच्या संग्रहात तीस हजारांहून अधिक पत्रं आहेत.

माहेरवाशीण:
पत्रं जपली हे मान्य. पण ती लिहिली तिने, लंडनमध्ये एकटीने, पोटात मूल असताना. माझं मत बदलत नाही.