कंपनीच्या लॉगिनला पासवर्डऐवजी पासकी, म्हणजे फोन-संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली, लावायची का? माझं मत : लावायचीच

पाइपवाला, जळगाव
एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याचं आयटी बघतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर अकाउंट्सच्या ताईंना मेल आला, 'मेलबॉक्स भरलाय, लॉगिन करा'. पान हुबेहूब आमचंच. त्यांनी पासवर्ड टाकला, ओटीपीही टाकला. अर्ध्या तासात त्यांच्या मेलवरून तीन व्यापाऱ्यांना 'आमचा खाते क्रमांक बदलला' असं पत्र गेलं. एकाने फोन करून खात्री केली म्हणून पैसे वाचले. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांची काय चूक? ओटीपी माणसानेच वाचायचा आणि माणसानेच टाकायचा, तर कधीतरी चुकीच्या पानावर पडणारच.

पासकीत किल्ल्यांची जोडी असते : ओळख पटवणारी खासगी किल्ली आपल्या यंत्रात किंवा पासवर्ड मॅनेजरात राहते, सर्व्हरकडे जाते फक्त ती ओळख तपासणारी सार्वजनिक किल्ली. शिवाय ती त्या वेबपत्त्याला बांधलेली. पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी ब्राउझर ती पुढेच करत नाही. ताई फसल्या तरी किल्ली फसत नाही.

काटेवाला, धुळे
भाऊ, ऑफिसात ठीक आहे. आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर एक संगणक, तीन पाळ्या, सहा माणसं. हंगामात कापसाच्या गाड्या फाट्यापर्यंत उभ्या असतात. तिथे पासकी कोणाच्या फोनात ठेवू? फोन पोराने स्वतःच्या पैशाने घेतलेला, त्यात कंपनीची किल्ली ठेव असं मी सांगणार नाही. क्यूआर स्कॅन करून आत जायचं तर फोनसोबत संगणकालाही ब्लूटूथ लागतं, आमच्याकडे ते नाही. बोटाचा ठसा म्हणाल, तर दिवसभर बोंडं हाताळलेल्या बोटांचा ठसा हजेरीचं मशीनसुद्धा घेत नाही.

पाइपवाला, जळगाव
फोनचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. काट्यावर यूएसबी सुरक्षा किल्ली द्या, म्हणजे पासकी ठेवलेली पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू, माणशी एक. पिन टाकायचा, किल्लीला नुसता स्पर्श करायचा, ठसा लागत नाही. गुगलने 2017 पासून 85,000 हून जास्त कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर कामाचं एकही खातं फिशिंगने, म्हणजे ताईंसारख्या खोट्या मेल-पानाच्या फसवणुकीने, गेलं नाही, असं त्यांनी 2018 मध्ये सांगितलं.

सर्व्हररूम, नंदुरबार
गुगलचं घर नवं, आपलं जुनं. तुमचा ईआरपी, म्हणजे हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर, उघडतो कसा? आमच्याकडे थेट आयपी पत्ता (नावाऐवजी नुसते आकडे) टाकून, तोही साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर. तिथे पासकी चालतच नाही. तिला नाव असलेलं डोमेन आणि एचटीटीपीएस (सर्टिफिकेटवालं सुरक्षित कनेक्शन) लागतं. बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा जुना व्हीपीएन रेडियस या जुन्या लॉगिन-पद्धतीवर, त्याला पासकी कळत नाही. मग त्यासाठी पासवर्ड ठेवाल, आणि चोर त्याच दाराने येईल.

त्याहून मोठं भोक म्हणजे फोन हरवल्यावरचं रिसेट. 'साहेब, मी बोलतोय, नवीन पासवर्ड द्या' एवढ्यावर देणारे आयटीवाले मी पाहिलेत.

पाइपवाला, जळगाव
रिसेटचं अगदी बरोबर. आम्ही नियम केलाय : फोनवर रिसेट नाही, माणूस समोर हवा किंवा त्याच्या खातेप्रमुखाने येऊन सांगावं. प्रत्येकाच्या दोन पासकी, एक यंत्रात, एक यूएसबी किल्लीत, ती कपाटात सीलबंद. पण ईआरपी आयपीवर आहे म्हणून मेलही उघडा ठेवायचा, हे पटत नाही. पैसे मेलवरून जातात. मेल आणि बँकेच्या कामाचे बारा लोक आधी घ्या, तिथला पासवर्ड पूर्ण बंद करा. ईआरपीला डोमेन, सर्टिफिकेट सावकाश द्या.

काटेवाला, धुळे
बारा लोकांचं पटलं. काट्याचं अजून नाही. पाळी बदलताना पोरगा किल्ली संगणकालाच लावून घरी जाणार, पिन सगळ्यांना पाठ. दसऱ्याआधी दोन किल्ल्या घेऊन रात्रपाळीत लावून बघतो. रांग अडली तर काढून टाकीन.